उतारवयात डोके वर काढणारा आघात: योगाभ्यास आणि आधार यांची घडी कशी बसवावी

जुलैच्या मध्यावर कल्लोळ-येडूर किंवा जत्राट-भिवशी पूल पाण्याखाली गेल्याची बातमी येते, तेव्हा कृष्णा, वेदगंगा आणि दूधगंगेच्या काठावरील कितीतरी घरांत म्हातारी माणसे रात्रभर जागी असतात. ही बातमी जवळजवळ दरवर्षीची आहे आणि बहुतेक वर्षी पाणी पुलावरून वाहून काही दिवसांत ओसरते. परंतु ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ज्यांनी आपल्या घराची मातीची भिंत डोळ्यांदेखत खचताना पाहिली, दावणीची जनावरे सोडून देऊन ज्यांना नावेतून बाहेर पडावे लागले आणि नंतर शाळेच्या फरशीवर रात्री काढाव्या लागल्या, त्यांचे शरीर जूनपासूनच या बातमीची वाट पाहत असते. पत्र्यावर सरी वाजू लागल्या की छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, घास उतरत नाही. एखादी आजी लुगड्यांचे गाठोडे बांधून सोप्यात येऊन बसते. घरातील तरुण माणसे म्हणतात, ‘वय झालं की असं होतंच.’ कर्नाटकातील निपाणी तालुक्यातील एका गावात देवळाच्या सभामंडपात मी ज्येष्ठांचा योगवर्ग घेते. तेथे जे पाहिले त्यावरून सांगते, की हे वयाचे लक्षण म्हणून सोडून देऊ नये. तो मनावरचा आघात असतो आणि त्यावर करण्यासारखे पुष्कळ असते.

आधी ओळख पटवावी

वैद्यकशास्त्रात या अवस्थेला आघातोत्तर तणाव विकार म्हणतात. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात त्याला स्वतंत्र निदान म्हणून १९८० साली स्थान मिळाले. घडून गेलेली गोष्ट आता पुन्हा घडत असल्यासारखी अंगावर येणे, तिची आठवण करून देणाऱ्या जागा आणि माणसे टाळणे, कशातही मन न रमणे किंवा स्वतःलाच दोष देत राहणे, आणि सतत सावध राहून लहानशा आवाजाने दचकणे, अशी त्याची चार अंगे आहेत. ही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली आणि रोजच्या व्यवहारात आड येऊ लागली, तर तपासणी करून घेणे आवश्यक ठरते. अडचण अशी, की आपल्याकडील ज्येष्ठ मंडळी ‘मला भीती वाटते’ असे क्वचितच म्हणतात. ती म्हणतात, ‘जीव घाबरा होतोय’, ‘पोटात कालवतंय’, ‘अंगात त्राण नाही’. मग छातीचा आलेख (ईसीजी) निघतो, रक्त तपासले जाते, सर्व काही ठीक असल्याचे कळते आणि विषय तेथेच संपतो.

आघात नुकताच घडलेला असतो असेही नाही. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे या भागातील अनेक गावांत निवृत्त जवान आहेत. कोणी १९७१ चे युद्ध पाहिले आहे, कोणी १९८७ नंतर शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते, कोणी १९९९ मध्ये कारगिलला होते. कोणाच्या मनात १९८१ च्या निपाणीतील तंबाखू आंदोलनाचा गोळीबार अजून घुमतो, तर कोणाच्या मनात १९८६ च्या भाषिक आंदोलनातील. आणि स्त्रियांच्या पोटात तर कितीतरी गोष्टी अशा असतात, ज्यांची नोंद कोणत्याच वर्तमानपत्रात झाली नाही: लहान वयातील लग्न, रोजची मारहाण, अंगावर पिणारे मूल दगावणे. पन्नास वर्षे शेत, गोठा आणि संसार यांनी या आठवणींवर झाकण ठेवलेले असते. नोकरी संपते, जोडीदार जातो, मुले पुण्याला किंवा बेंगळुरूला राहायला जातात, ऐकू कमी येऊ लागल्याने चारचौघांतील बोलणे तुटते, आणि ते झाकण सरकते. म्हणूनच सत्तरीत अचानक सुरू झालेली दुःस्वप्ने पाहून ‘आता इतक्या वर्षांनी काय?’ असे विचारू नये.

येथे एक सावधगिरी हवी. ज्येष्ठांमधील गोंधळलेपणा, चिडचिड आणि झोपमोड यांमागे ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, साखरेतील चढउतार, एखाद्या गोळीचा दुष्परिणाम किंवा स्मृतिभ्रंशाची सुरुवातही असू शकते. दोन दिवसांत अचानक वाढलेला गोंधळ हा तर मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गामुळेही होतो आणि त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे लागते. त्यामुळे पहिली पायरी दवाखान्याची आणि दुसरी चटईची, हा क्रम मोडू नये.

योगाचा उपयोग कोठे आणि किती

बोस्टन येथील मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, इतर उपचारांनी पुरेसा आराम न पडलेल्या ६४ स्त्रिया होत्या. निम्म्या स्त्रियांनी दहा आठवडे, आठवड्यातून एक तास, आघाताचे भान ठेवून शिकवलेला योग केला. शेवटी ज्यांची तपासणी झाली त्यांत योगगटातील ३१ पैकी १६ जणींमध्ये निदानाचे निकष उरले नाहीत; दुसऱ्या गटात हा आकडा २९ पैकी ६ होता. या स्त्रिया १८ ते ५८ वर्षांच्या होत्या, त्यामुळे हेच आकडे पंचाहत्तरीच्या आजींना लावता येणार नाहीत, परंतु दिशा निश्चितच दिसते. २००८ च्या बिहारमधील पुरानंतर पूरग्रस्तांच्या एका लहान गटावर केलेल्या अभ्यासातही आठवडाभराच्या योगाने खिन्नता कमी झाल्याचे आढळले, तर योग न केलेल्यांची चिंता त्याच काळात वाढली. आपल्या नदीकाठाला हा दाखला अधिक जवळचा आहे.

असे का घडत असावे, हे समजून घेतल्यास अभ्यास कसा करावा हेही आपोआप कळते. श्वास बाहेर सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, आणि उच्छ्वास लांबवला की शरीराला शांत करणाऱ्या मज्जासंस्थेला काम करण्यास वाव मिळतो. पण त्याहूनही महत्त्वाची गोष्ट मला दुसरी वाटते. पूर असो, मारहाण असो की गोळीबार, आघाताच्या क्षणी माणसाची मर्जी हिरावली जाते. त्याला कोणी विचारत नाही. योगाच्या अभ्यासात हात किती उचलायचा, डोळे मिटायचे की नाही, केव्हा थांबायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्याला परत दिला जातो. हा अधिकार काढून घेणारा योगवर्ग कितीही शास्त्रशुद्ध असला तरी अशा माणसाच्या उपयोगाचा नाही.

हे मी चूक करून शिकले. वर्गाच्या पहिल्या वर्षी मी सर्वांना शवासनात डोळे मिटायला सांगून सभामंडपातील दिवे बंद केले. एक निवृत्त सैनिक काका घामाघूम होऊन उठले, चप्पल न घालता बाहेर गेले आणि पुढे पंधरा दिवस आले नाहीत. त्यांना काय आठवले ते मी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. तेव्हापासून दिवे चालू असतात, दार उघडे असते, आणि ज्यांना दाराकडे तोंड करून बसायचे असेल त्यांची जागा आधीच राखलेली असते.

रोजचा अभ्यास

मांडी घालून बसण्याचा आग्रह सोडावा. बी. के. एस. अय्यंगार कोलार जिल्ह्यातील बेळ्ळूरचे आणि त्यांची कर्मभूमी पुणे. खुर्ची, लोड, पट्टा आणि भिंत यांच्या आधाराने आजारी आणि वृद्ध माणसांनाही आसने करता येतात, हे त्यांनी दाखवून दिले. घरी हात नसलेली, न हलणारी, चाके नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, तिच्याखाली जाजम सरकणार नाही हे पाहावे आणि लोडाऐवजी घट्ट गुंडाळलेली वाकळ वापरावी. रिकाम्या पोटी चक्कर येणाऱ्यांनी अर्धा कप दूध किंवा पेज घेऊन अर्ध्या तासाने बसावे. वेळ रोज तीच असावी; सुरुवातीला दहा मिनिटे पुरतात.

सुरुवात तळपायांपासून करावी. खुर्चीवर बसून दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकवावेत. पाय पोहोचत नसतील तर खाली पाट ठेवावा. टाच, चवडा, अंगठा असे आळीपाळीने दाबून जमीन गार आहे की कोमट, फरशीची आहे की सारवलेली, हे मनाशी नोंदवावे. मग मान सावकाश वळवून खोलीतील पाच वस्तू पाहाव्यात आणि त्यांची नावे हळू आवाजात घ्यावीत: कोनाडा, दिवा, कालनिर्णय, पाण्याची घागर, खिडकीचे गज. ही गोष्ट पोरकट वाटण्याची शक्यता आहे, परंतु मन जेव्हा २०१९ च्या ऑगस्टमध्ये किंवा त्याही मागे जाऊन अडकते, तेव्हा ‘मी आज, येथे, या खोलीत आहे’ हे शरीराला पटवून देण्याचा याहून सोपा उपाय मला अजून सापडलेला नाही.

त्यानंतर हालचाल. श्वास घेताना दोन्ही हात खांद्याइतके किंवा त्याहून कमी वर न्यावेत, सोडताना खाली आणावेत. असे पाच वेळा. खांदे मागे फिरवावेत. खुर्चीवर बसूनच एक हात दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून अंग अलगद वळवावे आणि तसेच दुसऱ्या बाजूला करावे. मग उठून भिंतीला पाठ लावून ताडासनात उभे राहावे. पाठीमागे भिंत असल्याचा स्पर्श हा मागून काहीतरी येईल अशी भीती बाळगणाऱ्यांना मोठा दिलासा देतो. गुडघे बरे असतील तर खुर्चीची पाठ धरून टाचा उचलाव्यात. हाडे ठिसूळ झालेल्यांनी पाठ गोल करून पुढे वाकू नये, काचबिंदू असलेल्यांनी डोके खाली जाईल असे कोणतेही आसन करू नये, आणि रक्तदाब, हर्निया किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे.

श्वासाच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे. दूरदर्शनवर पाहून आपल्याकडे घरोघरी कपालभाती आणि भस्त्रिका सुरू झाली, पण आघात सोसलेल्या ज्येष्ठाला ती देऊ नये. भेदरलेल्या माणसाचा श्वास जसा भराभर चालतो तसाच तो या क्रियांत चालतो, आणि शरीर त्या श्वासालाच संकट समजून बसते. श्वास कोंडून धरणेही नको. मनात तीन आकडे मोजून श्वास घ्यावा आणि चार किंवा पाच आकडे मोजून सोडावा. आकडे जमत नसतील तर गरम चहावर फुंकर घालावी तसा ओठांतून सोडावा. पाच-सहा आवर्तनांनंतर भ्रामरी करावी, म्हणजे ओठ मिटून उच्छ्वासाबरोबर भुंग्यासारखा गुंजारव करावा. कान बोटांनी बंद करण्याची गरज नाही. काहींना त्याने कोंडल्यासारखे होते. या गुंजारवात कोणी ओंकार घेते, कोणी विठ्ठलाचे नाव घेते, माझ्या वर्गातील एक मावशी मनात अल्लाहचे नाव घेतात, आणि काही जण नुसता सूर लावतात. ते ज्याचे त्याच्यावर सोडावे.

शेवटची विश्रांती खुर्चीत बसून, कुशीवर वळून किंवा पाठीवर निजून, जशी मानवेल तशी घ्यावी. डोळे उघडे ठेवून समोरच्या एका स्थिर वस्तूकडे पाहत राहिले तरी चालते. शिकवणाऱ्याने मागून येऊन खांद्याला हात लावू नये, ‘करा’ म्हणण्याऐवजी ‘वाटल्यास करून पाहा’ म्हणावे, आणि कोण काय करत नाही याचा उल्लेख वर्गात करू नये.

मध्येच आठवण उसळली, अंग थरथरू लागले किंवा रडू फुटले, तर अभ्यास तेथेच थांबवावा. डोळे उघडून पाय जमिनीवर दाबावेत, हातात गार पाण्याचा तांब्या द्यावा, माणसाला नावाने हाक मारून आजचा वार आणि जागा सांगावी: ‘तात्या, आज गुरुवार आहे, आपण देवळात आहोत, मी शेजारी बसले आहे.’ मिठी मारणे किंवा पाठीवरून हात फिरवणे विचारल्याशिवाय करू नये. त्या वेळी ‘काय आठवलं?’ असे विचारू नये. ओसरल्यावर घरी एकटे पाठवू नये. असे वारंवार होत असेल, तर अभ्यास काही दिवस तळपाय आणि खोलीतील पाच वस्तू एवढ्यावरच आणून मानसोपचारतज्ज्ञांची भेट घ्यावी. नियमितपणा असल्यास सहा ते आठ आठवड्यांत झोप आणि दचकणे यांत फरक पडला का, हे पाहावे. न पडल्यास तो त्या माणसाचा दोष मानू नये.

आधार: घर, गाव आणि दवाखाना

घरच्यांनी सर्वप्रथम उपदेश थांबवावा. ‘विसरून जा’, ‘देवाची इच्छा’, ‘त्या अमक्याचं तर सगळंच गेलं, तुमचं निदान घर तरी राहिलं’, या तिन्ही वाक्यांनी बोलणारे तोंड कायमचे मिटते. तसेच, सर्व काही एकदा बोलून टाकले म्हणजे मन मोकळे होते, या समजुतीने खोदून विचारणेही घातक आहे; आपत्तीनंतर लगेच माणसांकडून एकाच बैठकीत सगळा प्रसंग वदवून घेण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेनेही नाकारलेली आहे. जवळ बसावे, शेंगा फोडाव्यात, भाजी निवडावी. हाताला काम असताना जे बोलणे निघते ते ऐकावे, आणि न निघाल्यास शेंगा तरी फोडून होतात. रात्री दचकून उठणाऱ्याला हलवून जागे करू नये. दिवा लावून थोड्या अंतरावरून नावाने हाक मारावी. हे सारे बहुधा सुनेवर येऊन पडते, म्हणून आठवड्यातील दोन रात्री दुसऱ्या कोणी जागण्याची वाटणी घरात स्पष्टपणे करावी.

गावातील भजनी मंडळ, स्त्री शक्ती संघ आणि माजी सैनिकांची बैठक हे आधार आयतेच उपलब्ध असतात, त्यांचा उपयोग करावा. भजनाला मी मुद्दाम महत्त्व देते, कारण लांब ओळ गाताना उच्छ्वास आपोआप लांबतो आणि शेजारच्याच्या टाळाशी आपला टाळ जुळवावा लागतो. श्वासाच्या अभ्यासाला नकार देणारे आबाही हरिपाठाला येतात. आमच्या वर्गात प्रत्येकाला एक जोडीदार ठरवून दिलेला आहे. तो सकाळी बोलावायला जातो आणि कोणी दोन दिवस आले नाही तर घरी चौकशी करतो. श्रवणयंत्र, चष्मा आणि गुडघ्याचा पट्टा यांची व्यवस्था हाही आघाताच्या उपचाराचाच भाग समजावा, कारण ऐकू येत नसलेला माणूस माणसांत बसूनही एकटा असतो.

आता भाषेविषयी. आपल्या भागात चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या आजीला कन्नड बाजारापुरते येते, परंतु मनातील भीती बाजाराच्या भाषेत सांगता येत नाही. आपल्याकडे मराठी समजणारे डॉक्टर पुष्कळ आहेत. ते मिळाल्यास उत्तमच, नसल्यास आधी घरी बसून लक्षणे, ती केव्हापासून आहेत, झोप किती लागते आणि चालू गोळ्या कोणत्या, हे एका कागदावर लिहावे आणि ते कन्नडमध्ये समजावून सांगणारे माणूस बरोबर न्यावे. तो माणूस कोण असावा हे आजींना विचारावे. काही गोष्टी मुलासमोर बोलता येत नाहीत, त्या मैत्रिणीसमोर येतात.

‘टेलिमानस’ या केंद्र सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे; तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीत व कन्नडमध्येही बोलता येते. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या क्रमांकावर सकाळी आठ ते रात्री आठपर्यंत निवृत्तिवेतन, कायदा, छळ आणि एकटेपणा यांविषयी मदत मिळते. घरातूनच हेळसांड किंवा मारहाण होत असेल, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तालुका रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ ठरावीक वारी येतात का, याची आशा कार्यकर्तीकडे चौकशी करावी. पुढील उपचारांसाठी बेळगावचे जिल्हा रुग्णालय आणि धारवाडची ‘डिमहान्स’ ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, तर माजी सैनिकांना त्यांच्या आरोग्य योजनेच्या ‘ईसीएचएस’ पॉलिक्लिनिकमधून पुढे पाठवले जाते. तेथे आघातावर केंद्रित असलेले समुपदेशन आणि आवश्यक असल्यास औषधे मिळू शकतात. योगाने बरे वाटू लागले म्हणून ही औषधे परस्पर बंद करू नयेत. उलट, मेडिकल दुकानातून स्वतःहून आणलेली झोपेची गोळी आणि रात्रीची दारू यांपासून ज्येष्ठांना दूर ठेवावे; दोन्हींनी तोल जातो, पडून मांडीचे हाड मोडते आणि मूळ त्रास तसाच राहतो.

‘मी तुमच्यावर ओझं झालोय’, ‘आता पुरे झालं’ असे शब्द ऐकू आले, वस्तू वाटून टाकणे सुरू झाले किंवा जेवण सोडले, तर ते निरवानिरवीचे बोलणे म्हणून सोडून देऊ नये. स्वतःला संपवण्याचे विचार येतात का, हे शांतपणे आणि सरळ विचारावे. विचारल्याने ते विचार मनात भरवले जात नाहीत. शेतीच्या घरात कीटकनाशकाचे डबे त्याच दिवशी कुलपात किंवा घराबाहेर हलवावेत, माणसाला एकटे ठेवू नये आणि १४४१६ किंवा थेट दवाखाना गाठावा.

नदीकाठच्या घरांसाठी एक काम मे महिन्यातच उरकावे. पाणी कोणत्या खुणेपर्यंत आले की घर सोडायचे, कोणाच्या वाहनातून जायचे, कोणत्या नातेवाइकाकडे उतरायचे आणि जनावरांना कोण नेणार, हे ज्येष्ठांना मध्यभागी बसवून, त्यांच्या मताने ठरवावे. आधार कार्ड, रेशन कार्ड, घराचा उतारा, पंधरा दिवसांच्या गोळ्या आणि चष्मा प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी त्यांच्याच हाताने उंच खुंटीवर टांगून घ्यावी. पावसाळाभर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळच्या अभ्यासानंतर ती उतरवून तपासावी. इतर दिवशी रात्री आजी गाठोडे बांधायला उठल्या, तर त्यांना खुंटीवरील पिशवी दाखवावी, नदीच्या पाण्याची त्या दिवशीची पातळी खरी असेल तीच सांगावी, आणि सोप्यात त्यांच्याशेजारी पाय जमिनीला टेकवून थोडा वेळ बसावे.